घरी कोण आजारी आहे?

जांभळे प्लम बाजारात आले आणि रस्त्यातल्या खांबांवर पुढाऱ्यांचे चेहरे लागले, की मला गौरी आठवतात. पुण्यात कुणाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे काळजीनं बघेल. पण बॉनमध्ये भाद्रपद येतो तो असाच. इथली मोठी निवडणूक चार वर्षांनी एकदा सप्टेंबरात पडते, आणि आमच्या गौरींचीही साधारण तीच वेळ. यंदा, एकोणसत्तर सालीही, दोन्ही बरोबरच आल्या आहेत.

परवा सकाळी अनूला घेऊन राइनवर खडे आणायला गेले. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. नदीवरून खडे वेचून आणायचे आणि ते घरात पाटावर ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. माझ्या लेकीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती जर्मनमधून देते. आणि गप्प बसणं तिला कुठल्याच भाषेत जमत नाही. “वारुम?” तिनं पुलाखालीच विचारलं. का बोलायचं नाही? मी ओठांवर बोट ठेवलं. खरं कारण मलाही ठाऊक नाही, माझ्या आईलाही नव्हतं.

परतताना ट्रामच्या थांब्यापाशी एका पक्षाचा फलक दिसला. आजारी कामगाराला पहिल्या दिवसापासून पगार मिळणार, तो आम्ही मिळवून दिला, असं त्यावर मोठ्या अक्षरांत होतं. थोडं पुढे दुसऱ्या पक्षाचा फलक. त्याचंही म्हणणं तेच. कायदा या उन्हाळ्यात झाला आहे, नव्या वर्षापासून लागू होईल, आणि बाळाच्या बारशाला दोन्ही घरचे काका मिशीला पीळ देत हजर आहेत. एरवी मी हसले असते. पण हेर केलर, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत केलर, आठवले, आणि ओंजळीतल्या खड्यांसकट मी तिथेच उभी राहिले. अनूनं पदर ओढला तेव्हा कुठे हलले.

सत्तावन्न सालच्या त्या सप्टेंबरात आम्ही केलरांचे पोटभाडेकरू होतो. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. हे विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होते आणि मी घरात बसून ह्यांचं जर्मन सुधारत होते. कॉलेजात मी जर्मन घेतलं होतं, ह्यांनी घेतलं नव्हतं. संसारात एवढा एकच मुद्दा माझ्या बाजूचा होता आणि तो मी पुरवून पुरवून वापरत असे.

तळमजल्यावर केलर नवरा-बायको राहायचे, त्यांच्यातलीच मागची खोली आम्हाला दिलेली. स्वयंपाकघर सामाईक. फ्राउ केलर उंच, हाडापेरानं मजबूत बाई. माझी फोडणी पडली की खिडकी उघडायची, पण तक्रार कधी करायची नाही. हेर केलर चिनी मातीच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. जिन्यात भेटले की टोपीला हात लावून “या, या”, म्हणजे हो हो, म्हणायचे, आणि त्यात हवापाण्यापासून तब्येतीपर्यंत सगळं आलं असं समजायचं. वरच्या मजल्यावर वेबर कुटुंब. हेर वेबरही त्याच कारखान्यात, पण कचेरीत कारकून. फाटक एक, भोंगा एक. फ्राउ वेबरकडे नुकताच फ्रीज आला होता आणि ती काही ना काही निमित्त काढून सगळ्यांना वर बोलावून तो दाखवायची. केलरांचं लोणी खिडकीबाहेरच्या फळीवर असायचं.

केलर दोघंही विरोधी पक्षाचे. तो काळ त्या पक्षाला कठीण होता. म्हातारे चान्सेलर जवळजवळ प्रत्येक खांबावर होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसायचं की बरं चाललंय, तेच चालू द्या. चाललंही होतं बरं. लोकांच्या अंगावर नवे कोट आले होते, ताटात मांस आलं होतं, युद्धात पडलेल्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. अशा वेळी दारोदार जाऊन “अजून बरं व्हायला हवं” म्हणणाऱ्याला कोण उभं करणार? हेर केलर पाळी संपली की खळीची बादली आणि शिडी घेऊन कागद चिकटवायला जायचे. फ्राउ केलर प्रचाराला घरोघरी जायची.

तिची पद्धत मला फार आवडायची. दार उघडलं की पक्षाचं नाव नाही, चान्सेलरांना शिव्या नाहीत. ती सरळ विचारायची, “घरी कोण आजारी आहे?”

कुणीतरी असायचंच. सासू, लढाईतून आलेला भाऊ, खोकणारं पोर. मग बाई दारातच बोलायला लागायची आणि फ्राउ केलर ऐकत राहायची. ऐकून झाल्यावर मग आपलं थोडक्यात सांगायची. ते मला आता पाठ झालंय. डॉक्टरकडे क्रांकेनकासेची, म्हणजे आजारविम्याची, चिठ्ठी नेली की तपासणी फुकट होते, हे खरं. पण डॉक्टर म्हणाला घरी झोपून राहा, तर झोपायचं कशाच्या जोरावर? कचेरीतल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार मिळतो. भट्टीवरच्याचे पहिले दिवस कोरडे जातात, नंतरही हातात येतं ते कमीच. “आल्झो, एकूण काय,” ती म्हणायची, “डॉक्टर फुकट आहे, झोपणं महाग आहे.”

आमच्या ह्यांना हे सगळं फारसं रुचत नव्हतं. “हे बघ, आपण इथे पाहुणे,” हे म्हणाले. “राहायचा परवाना वाढवून घ्यायला मला पोलिसांच्या कचेरीत जायचंय. तू त्या पत्रकांना हात लावू नकोस.”

“अहो, मी फक्त वाचते.”

“वाचताना तुझा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय.”

चेहरा व्हायला कारण होतं. एका संध्याकाळी फ्राउ केलर करांविषयी सांगत होती. कॉफीच्या पेल्यावर कारखान्याचा मालक जेवढा कर भरतो तेवढाच मीही भरते, म्हणजे हा न्याय झाला का, असं तिचं म्हणणं. “आणि कॉफीचं काय घेऊन बसलात, इथे मिठावरसुद्धा कर आहे.” मी कणीक मळत होते, हात तसाच राहिला. माझी आत्या शिरोड्याला मिठाच्या सत्याग्रहात गेली होती, तुरुंगातही जाऊन आली होती. ज्या करापायी आत्यानं आपली तब्येत घालवली, तो इथे साहेब नसतानाही सुखानं नांदत होता! परवाना गेला खड्ड्यात, असं मला मनातून वाटलं. ह्यांना ते सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात गौरी आल्या. मी राइनवरून खडे घेऊन मुकाट्यानं येत होते आणि कोपऱ्यावर पत्रकं वाटणारी फ्राउ केलर समोर आली. “गुटेन मॉर्गन!” मी मान हलवली. तिनं पत्रक पुढे केलं. माझ्या ओंजळीत गौरी, तोंडाला कुलूप. मी नुसती मान नकारार्थी हलवली आणि पुढे झाले. मागे वळून पाहिलं तर ती पडेल चेहऱ्यानं उभी होती. दारं तिच्या तोंडावर रोज आपटत, त्याचं तिला काही वाटत नसे. पण स्वतःच्या भाडेकरणीनं तोंड फिरवावं!

घरी खडे पाटावर ठेवले आणि तशीच धावत कोपऱ्यावर गेले. सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली, मग मोठ्यानं हसली. “म्हणजे तुमची देवी येताना बाईनं गप्प राहायचं?”

“हो. पण आली की मग बायका जमवून नुसतं बोलायचं,” मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला आत्या आठवली. आत्या हळदीकुंकवाला गाव गोळा करायची आणि मध्येच उभी राहून देशाविषयी बोलायची. हळदीकुंकवावर बंदी कोण घालणार? बाहेर शिपाई ताटकळायचा आणि आत बायका ओटीबरोबर स्वराज्यही घेऊन जायच्या.

मी फ्राउ केलरला म्हटलं, “उद्या दुपारी माझ्या खोलीत सगळ्या बायकांना बोलवा.”

आल्या की हो! काही कुतूहलानं, काही प्लमच्या केकसाठी. फ्राउ वेबर खाली आली ती ठेवणीतला ब्लाउज घालून. तिनं येताच मला विचारलं, “तो आशियाई फ्लू म्हणतात, तो तुमच्याकडूनच आला ना?” त्या वर्षी तो फ्लू जगभर फिरत होता. मी म्हटलं, “आमच्याकडे म्हणतात, परदेशी बोटीतून आला.” बायका हसल्या. माळ्यावरच्या खोलीत राहणारी फ्राउ टिमही आली होती. तिचा नवरा रशियात गेला तो परतलाच नव्हता. ती दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसली.

मी हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत नारळाऐवजी प्लम घातले. फ्राउ टिमपाशी पोचले तर तिनं माझं मनगट धरलं. “मी विधवा आहे. तुमच्याकडे चालत नाही ना? मासिकात वाचलं होतं.”

मी खरं ते सांगितलं. “नाही चालत. माझी आत्या बालविधवा. हळदीकुंकू तिचं, बोलावणं तिचं, पण कुंकवाचा करंडा आई फिरवायची. आत्याच्या कपाळाला कुणी हात लावला नाही.” एवढं बोलून मी फ्राउ टिमच्या कपाळावर कुंकू टेकवलं. घाईत ते थोडं मोठंच लागलं.

फ्राउ वेबर संतापली. खरंखुरं संतापली, गाल लाल झाले तिचे. “ही कसली रीत? तिनं काय केलंय? नवरा मेला, हा तिचा गुन्हा? एकाच खोलीत बसलेल्या बायकांत असा भेद करायचा?”

मला ते वाक्य आत्याच्या वेळी हवं होतं.

फ्राउ केलर तेवढा वेळ ताटलीतल्या केककडे बघत होती. ती त्या दुपारी राजकारणाचं अक्षर बोलली नव्हती, मी खुणावलं तरीही. आता तिनं वर पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, “गेनाऊ, अगदी बरोबर, फ्राउ वेबर. आणि माझ्या नवऱ्यानं तरी काय केलंय? तुमचे आणि आमचे एकाच फाटकातून आत जातात.”

“ते वेगळं आहे,” फ्राउ वेबर म्हणाली. “माझा नवरा शिकलाय त्यासाठी. आणि झोपून पगार मिळायला लागला तर कामावर जाणार कोण?” पण ती हे बोलली ते नेहमीच्या आवाजात नाही. थोड्या वेळानं ती उठली. जाताना आरशापाशी थबकली, कुंकू पुसायला रुमाल काढला, फ्राउ टिमकडे बघितलं आणि रुमाल परत ठेवला.

त्या एका दुपारचा मी बारा वर्षं विचार करते आहे. माणसं कुठेही गेली तरी रेघ ओढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमच्याकडे ती कपाळावर ओढली, इथे पगाराच्या पाकिटावर. ज्याची त्याला स्वतःची रेघ दिसत नाही, दुसऱ्याची मात्र डोळ्यांत खुपते. मला कधी वाटतं, पाहुण्यांचा घराला उपयोग असतो तो एवढाच. ते आपली लाज बरोबर घेऊन येतात, आणि ती बघताना यजमानाला अवचित स्वतःची दिसते.

मग फ्लू आमच्या घरात आला. आधी हेर वेबरना झाला. वरून त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा, फ्राउ वेबर दिवसभर लिंडनच्या फुलांचा काढा घेऊन जिन्यातून वर-खाली करायची. आठवडाभर ते झोपून होते. झोपावंच, त्याला कोण वाईट म्हणेल? दोन दिवसांत हेर केलरांनाही ताप भरला. भट्टीच्या धुळीनं त्यांची छाती आधीच पोखरलेली.

ती सकाळ मला जिन्यापाशी दिसली. दाराच्या फटीतून, दूध घ्यायला बाहेर पडताना. हेर केलर कोट घालून उभे होते, डोळे तापानं चकाकत होते. फ्राउ केलर त्यांच्या कोटाची बटणं लावत होती, एकेक, खालपासून वरपर्यंत. मग गळपट्टा गुंडाळला, मग जेवणाचा डबा हातात दिला. ते गेले. दोघांत एक शब्द झाला नाही. मला फार नवल वाटलं. सगळ्या गल्लीशी वाद घालणारी ही बाई, परक्यांच्या दारात उभी राहून घरी कोण आजारी आहे म्हणून विचारणारी. आणि स्वतःच्या दारात तिच्या तोंडून “जाऊ नका” एवढंही निघू नये? मला वाटलं, पक्षाच्या कामात बाई घर विसरली. ह्यांनाही मी तसं बोलले. हे म्हणाले, “दुसऱ्याच्या घरात आपल्याला दारापुरतंच दिसतं.” ह्यांचं जर्मन कच्चं होतं, बाकी तसं नव्हतं.

आठवडाभर हेर केलर तापात भट्टीवर गेले. रविवारी मतदान. ठेवणीतला काळा सूट घालून ते बाहेर पडले तेव्हा त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मतदानाची शाळा लांब नव्हती, पण रस्ता चढाचा. फ्राउ केलरनं एक दंड धरला. वरून फ्राउ वेबर उतरत होती, प्रार्थनेला जायचा टोप घालून. ती सरळ पुढे आली आणि तिनं दुसरा दंड धरला. मी खिडकीतून बघत होते. मला मत नव्हतं, मी नुसती बघणारी. दोघी दोन पक्षांच्या बायका मधल्या माणसाला जवळजवळ उचलून चढावरून घेऊन चालल्या होत्या. फ्राउ वेबरनं त्या दिवशी कुणाला मत दिलं ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

त्याच संध्याकाळी हेर केलरांना इस्पितळात हलवलं. न्यूमोनिया झाला होता. रेडिओवर निकाल लागत होते, पक्ष सपाटून हरला. फ्राउ केलर इस्पितळातून आली, रेडिओ बंद केला आणि शिडी उचलून अंगणातल्या खोपटात ठेवून आली.

ते वाचले, पण भट्टीवर परत गेले नाहीत. फाटकावर बसायचं हलकं काम मिळालं. आमचा अभ्यास संपला, आम्ही पुण्याला गेलो. काही वर्षांनी काळ्या काठाचं एक कार्ड आलं. ते हातात घेऊन मी स्वयंपाकघरात रडले. मला त्यांचं ते “या, या” ऐकू येत होतं. दोन वर्षांपूर्वी ह्यांना इथे पुन्हा बोलावणं आलं आणि आम्ही परतलो, तेव्हा फ्राउ केलर त्याच तळमजल्यावर होती. केस पांढरे, पाठ तेवढीच ताठ. पत्रकं अजून वाटते. फ्राउ वेबरही वर तशीच, फक्त फ्रीज दुसरा.

काल गौरींची पूजा झाली आणि दुपारी दोघी बरोबरच आल्या. अनू दार उघडायला धावली. फ्राउ केलरनं तिच्याकडे निरखून बघितलं, कारण अनू शिंकत होती. “घरी कोण आजारी आहे?” ती म्हणाली, अगदी त्याच जुन्या आवाजात, आणि आम्ही तिघी हसत सुटलो. अनूला काही कळेना.

मी हळदीकुंकवाचं तबक घेतलं. फ्राउ केलरपाशी आले तर फ्राउ वेबरनं माझ्या हातातून करंडा काढून घेतला. “मला येतं,” ती म्हणाली. बारा वर्षांनी तिला कोणतं बोट ते आठवत होतं. तिनं फ्राउ केलरच्या कपाळावर कुंकू लावलं, नीट, गोल, माझ्यापेक्षा चांगलं.

मग केक कापला, कॉफी ओतली. कर अजून आहेच त्यावर, फ्राउ केलरनं आठवण करून दिली. बोलता बोलता नव्या कायद्याचा विषय निघाला. मी त्या दोन फलकांचं सांगितलं. फ्राउ वेबर म्हणाली, “हेर केलर असते तर किती खूश झाले असते.”

“खूश?” फ्राउ केलर हसली. “छे. तो तरीही गेला असता कामावर. हट्टी होता. शेजारच्या भट्टीचं कसं होईल म्हणाला असता.”

आम्हीही हसलो. फ्राउ केलरनं ताटलीतला प्लमचा तुकडा काट्यानं इकडून तिकडे सरकवला. मग पाटावरच्या खड्यांकडे बघितलं.

“पण निदान मला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं,” ती म्हणाली. “दार अडवून उभी राहिले असते. त्या सकाळी तेवढंही नव्हतं माझ्या हातात. मी त्याचा डबा भरून दिला.”